फुकट शिकवणीचा आकार

"सांभाळके! उंबऱ्याला लागेल," महेबूबभाई हमालांना सांगत होते, तेवढ्यात मी गंगव्वाच्या दारात पोचले. दोन हमालांनी तिचं शिलाई मशीन उचललं होतं. सुईखाली अर्धी शिवलेली बाही तशीच लोंबत होती. मशीनवरचं हळदकुंकू अजून ताजं होतं. शेवटचा हप्ता भरला म्हणून मागच्याच आठवड्यात गंगव्वानं मशीनपुढं नारळ फोडला होता आणि खोबऱ्याचा प्रसाद माझ्या घरी आणून दिला होता.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"मशीन वापस लाओ बोले शेठ," महेबूबभाई खाली बघत म्हणाले. ते आमच्या दुकानाचे वसुलीवाले. स्वभावानं मऊ माणूस. जप्तीच्या दिवशी ते कुणाच्या डोळ्यांत बघत नसत.

"पण हिचे हप्ते संपलेत."

"हप्ते खतम, बाई. वरखर्च बाकी है."

"कसला वरखर्च?"

"मेरेकू नक्को पूछो बाई. शेठकू पूछो."

त्या दुकानात मी तीन वर्षं काम करत होते, पण हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या कानावर आला.

आधी माझं काम काय होतं ते सांगते. एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. सोलापुरात नव्या पेठेत काशिनाथशेठ यांचं विलायती शिलाई मशिनांचं दुकान होतं. शेठचं नाव मी बदलून लिहिते आहे. त्यांची मुलं-नातवंडं आता वेगळे उद्योग करतात, त्यांना त्रास नको. मी लग्नाआधी मिशनच्या मडमेकडे शिवण आणि बेतणं शिकले होते. माझे यजमान शाळामास्तर, पगार बेताचा. शेठना घरोघर जाऊन बायकांना मशीन शिकवणारी बाई हवी होती. पुरुष शिकवणारा चाळीतल्या घरात कोण येऊ देणार? महिना पंधरा रुपयांवर मी लागले. सोलापुरात त्या काळी पायात चपला घालून, हातात पिशवी घेऊन एकटी हिंडणारी बाई म्हणून लोक माझ्याकडे वळून बघत. पुढं पुढं सवय झाली त्यांनाही आणि मलाही.

दुकानाच्या दारावर मोठी पाटी होती. 'मशीन हप्त्याने. घरी येऊन शिकवणी फुकट.' मशीन घेतलं की पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा मी त्या घरी जायची. दोरा ओवायचा कसा, बॉबिन भरायची कशी, पायाखालचा पायटा एका लयीत कसा हलवायचा, असं सगळं. नव्या बाईचा पाय पहिल्या दिवशी हमखास उलटा पडतो, मशीन मागं फिरतं आणि दोरा तुटतो. ती घाबरते. तिला हसवायचं आणि पुन्हा दोरा ओवायचा, हे माझं निम्मं काम.

हप्त्याच्या या व्यवहाराला दुकानात 'हायर पर्चेस' म्हणत. म्हणजे भाडेखरेदी. शेवटची पै फिटेपर्यंत मशीन दुकानाचं. तुम्ही ते फक्त भाड्यानं वापरताय. मध्येच थांबलात तर मशीन परत जातं आणि तोवर भरलेले पैसे भाड्यात जमा होतात. एवढं मला ठाऊक होतं, आणि गिऱ्हाइकांनाही मी ते सांगत असे. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

गंगव्वा मूळची मैंदर्गीची. नवरा संगप्पा इथल्या एका मिलमध्ये कापूस पिंजायच्या खात्यात होता. कापसाच्या भुशीनं त्याची छाती भरली. खोकला इतका वाढला की मिलनं त्याला घरी बसवलं. तेव्हा गंगव्वानं पाच रुपये हप्त्यावर मशीन घेतलं. तिला शिवणातलं काहीच येत नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं मशीनला हात जोडले आणि मला म्हणाली, "अक्का, मला फक्त सरळ शिवायचं शिकवा. वाकडं मी आपोआप शिकंन." दोन वर्षांत ती परकर, बंड्या, पोरांचे सदरे असं सगळं शिवायला लागली. मंगळवार बाजारातला एक कापडवाला तिला बेतलेले कपडे आणून देई. त्या दिवशी तिच्या घरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेसाठी शिवायच्या सदऱ्यांचा ढीग पडला होता. संक्रांत पंधरवड्यावर होती.

हमालांनी मशीन हातगाडीवर ठेवलं. गंगव्वा रडली नाही. तिनं सुईखालची बाही काढून घेतली, नीट घडी केली आणि महेबूबभाईंना विचारलं, "ह्या हमालांचं पैसं कोन देनार?"

महेबूबभाई हातगाडीची दोरी आवळायला लागले.

"सांगा की."

"तेबी तुमारेच नाम पे, बाई."

"म्हंजे माझं मशीन न्यायची हमाली बी माझीच?"

आतून संगप्पा खोकत खोकत बाहेर आला. मला म्हणाला, "फुकट कोन काय देतंय व्हय अक्का? देव बी नारळ घेतोय की." मग तो उंबऱ्यावरच बसला. त्याला तेवढं बोलूनही धाप लागली होती.

आम्ही दोघी हातगाडीच्या मागं चालत नव्या पेठेत आलो. ओळखीच्या बायका दारातून बघत होत्या. गंगव्वानं पदर डोक्यावरून पुढं ओढला नाही, मान वर ठेवूनच चालली.

शेठ गादीवर बसले होते. मला गंगव्वाबरोबर बघून त्यांनी चष्मा काढला.

"या बाई. तुम्ही कशाला उन्हातून आलात?"

"शेठ, हिचे सगळे हप्ते भरलेत. पावत्या आहेत."

"आहेत ना. मी कुठं नाही म्हणतो?"

"मग मशीन का आणलं?"

शेठनी शांतपणे समजावून सांगितलं. आवाज चढवायची त्यांना सवयच नव्हती. दर महिन्याला गंगव्वा पाच रुपये देत होती. त्यातून आधी वरखर्च वळता व्हायचा आणि उरेल ते मशीनच्या किमतीत जमा व्हायचं. वरखर्चात काय काय, ते त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. महेबूबभाई वसुलीला घरी येतात, त्या प्रत्येक फेरीचा आकार, म्हणजे शुल्क. हप्त्याला चार दिवस उशीर झाला तर त्याचा आकार. तेलाची बाटली आणि सुयांचं पाकीट, जे 'भेट' म्हणून दिलं होतं, त्याचा आकार. वर्षातून एकदा मशीन तपासायला माणूस गेला, त्याचा आकार. आणि शिकवणीचा.

"कसली शिकवणी?" मी विचारलं.

"तुमचीच की बाई. फेरीला आठ आणे."

"शेठ, पाटीवर फुकट लिहिलंय. प्रत्येक दारात मी फुकट म्हणून सांगते."

"बरोबर सांगता."

"मग?"

"फुकट म्हणजे त्या वेळी मागत नाही," शेठ म्हणाले. "करारात सगळं लिहिलेलं आहे. मागच्या बाजूला."

करार इंग्रजीत होता. गंगव्वाच्या करारावर संगप्पाचा अंगठा होता. मला मराठी आणि थोडी मोडी यायची, इंग्रजी नाही. त्या गल्लीत कुणालाच येत नव्हतं.

गंगव्वानं विचारलं, "आता किती ऱ्हायलं म्हनायचं?"

"बावीस रुपये."

"दोन वर्सं भरून?"

"बाई, माझ्याकडं रागानं बघू नका," शेठ म्हणाले. "गावातला दुसरा दुकानदार तुम्हाला रोख पैसे टाका म्हणेल. मी तुमच्यासारख्यांना मशीन देतो. चार जण बुडवतात. त्यांचे मी कुठून भरून काढू? आणि तुमच्या या बाईंचा पगार कुठून देऊ?"

शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. मी घरी जाताना मनात हिशेब केला. त्या महिन्यांत माझी नऊ घरी शिकवणी चालू होती. माझ्या पगाराच्या दुपटीहून जास्त त्या आठ आण्यांतून निघत होतं. मला पगार शेठ देत नव्हते, गंगव्वा आणि तिच्यासारख्या बायका देत होत्या. शेठ मध्ये बसून उरलेलं ठेवून घेत होते.

दुसऱ्या दिवशी शेठनी मला आत बोलावलं. दार लोटून घेतलं.

"बाई, तुमचा जीव तुटतो हे मला दिसतं. एक करू. तिची शिकवणी मी माफ करतो, बाकीचंही सोडतो. मशीन उद्या घरी पोचवतो, हमालीही माझी. फक्त ही गोष्ट तिच्या गल्लीत जायला नको. तिला तसं सांगा."

मला अगदी हलकं वाटलं. मी तशीच गंगव्वाकडे गेले. मशीनची जागा रिकामी होती. जमिनीवर त्याच्या चार पायांचे ठसे होते. ती हातानं काज करत बसली होती. सदऱ्यांचा ढीग होता तसाच होता.

मी सांगितलं. वाटलं होतं, तिचा चेहरा उजळेल. तिनं सुई कापडात टोचून ठेवली.

"म्हंजे माझं माफ. मग भागव्वाचं?"

"तिचं काय?"

"भागव्वा, रेणुकाची आई, आन् ती कोपऱ्यावरली नरसम्मा. तिघींना मशीन घ्याया मीच लावलं की अक्का. शिकवनी फुकट हाय म्हनून मीच सांगितलं."

नरसम्मा तेलुगू विणकराच्या घरातली. तिला माझी मराठी नीट कळत नसे. तिला शिकवताना गंगव्वाच मध्ये बसून हातवारे करून समजावून देई.

"तुझं मशीन आधी घरी येऊ दे," मी म्हणाले. "संक्रांत जवळ आलीये. त्यांचं पुढं बघू. मी आहे ना."

"पुढं म्हंजे कवा? त्येंचं मशीन गाडीवर चढल्यावर?"

"गंगव्वा, शेठ पुन्हा असं म्हणणार नाहीत."

"नगं म्हनू देत. त्येंच्या दारावरनं मी रोज पान्याला जाती. गप तोंडानं कसं जाऊ?"

संगप्पा आतून म्हणाला, "घे की गं. बाई चांगलं सांगत्यात." ती त्याच्याशी कानडीत काहीतरी बोलली. त्यानं कूस वळवली. काय बोलली ते मी विचारलं नाही.

मी तिला पुन्हा एकदा घे म्हणाले. तिसऱ्यांदाही म्हणाले असते, पण तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "तुमी माझ्यासाटी लई केलं, अक्का. पन ह्ये मला जमनार न्हाय."

मंगळवारी बाजाराच्या दिवशी त्या चौघी दुकानात आल्या. मी तिथंच होते. शेठसमोर एक नवीन जोडपं बसलं होतं. वळसंगकडचे असावेत, शेतकरी माणसं, पण बऱ्या स्थितीतली. बाईच्या अंगावर नवं लुगडं होतं. शेठ तिला मशीन दाखवत होते. "आणि शिकवणी फुकट," असं म्हणत त्यांनी माझ्याकडे हात केला.

गंगव्वा पुढं झाली. "शेठ, ह्या बाईला सांगा की, फुकट शिकवनी केवढ्याला हाय त्ये."

"तुम्ही नंतर या," शेठ म्हणाले.

"नंतर कशाला? आमी गप हुबं ऱ्हातो. तुमी सांगा."

नवीन बाईनं शेठकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्तरीनबाई, ह्या काय म्हनत्यात?"

मला उत्तर द्यावंच लागलं. "फेरीला आठ आणे," मी म्हणाले. "हप्त्यातून कापतात."

तिच्या नवऱ्यानं कोपरीच्या खिशातून काढलेला बटवा परत खिशात घातला. "चल," तो बायकोला म्हणाला. दोघं उठून गेली. दारात आणखी पाचसहा माणसं थबकली होती. नरसम्मा तेलुगूत मोठ्यानं काहीतरी बोलली आणि बाहेरच्या दोघातिघांनी तिला तेलुगूतच दुजोरा दिला.

शेठनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "ठीक आहे. शिकवणीचा आकार सगळ्यांचा सोडला. ज्यांची मशिनं चालू आहेत त्या सगळ्यांचा. झालं समाधान?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. भागव्वा तर हसलीच. मला वाटलं, जिंकलो आपण.

"आणि गंगव्वा," शेठ पुढं म्हणाले, "तुमची शिकवणी वजा जाता बाकी दहा रुपये राहतात. बाकीचा आकार मी सोडलेला नाही. शनिवारी दुकान बंद व्हायच्या आत भरा, मशीन घेऊन जा. नाही भरलेत तर करारात लिहिलंय तसं होईल."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, उद्यापासून येऊ नका. फुकट शिकवायला आता परवडणार नाही. शिकवणीच बंद."

"माझा या महिन्याचा पगार?"

"महिना भरल्यावर."

दहा रुपये आज कुणाला मोठे वाटणार नाहीत. त्या गल्लीत ते चार दिवसांत उभे राहण्यासारखे नव्हते. मिलचा पगार सोमवारी व्हायचा. मी घरातले होते ते चार रुपये दिले. माझ्या यजमानांनी काही विचारलं नाही, तेवढं त्यांचं ऋण. तिघी मैत्रिणींनी सोमवारी द्यायचं कबूल केलं. शुक्रवारी बाजारातला कापडवाला येऊन न शिवलेले सदरे मोजून घेऊन गेला. "जत्रा थांबत नाही," म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. पण ते सदरे शिवले असते तर त्याच पैशांत सगळं भागलं असतं. मशीन सोडवायला पैसे हवेत आणि पैसे मिळवायला मशीन हवं, अशा कात्रीत ती सापडली होती.

शनिवारी मी शेठकडे गेले. दोन दिवसांची मुदत मागितली.

"मंगळवारी मी मुदत दिलीच होती," शेठ म्हणाले. "त्याआधी तर सगळंच सोडलं होतं. तुम्हीच निरोप घेऊन गेला होतात ना?"

मी दुकानाची पायरी उतरले.

सोमवारी संध्याकाळी मिलचा भोंगा झाला आणि तासाभरात गंगव्वा पदरात दहा रुपये बांधून दुकानात पोचली. सगळी चिल्लर होती. मशीन रविवारीच विकलं गेलं होतं. चांगलं चाललेलं मशीन, गिऱ्हाईक लगेच मिळालं. महेबूबभाईंनीच तिला ते सांगितलं. ती परत निघाली तेव्हा ते तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत गेले, असं मला मागाहून कळलं. गंगव्वानं ज्यांचे त्यांना पैसे त्याच रात्री परत केले. माझे चार रुपये घेऊन सकाळी ती दारात उभी होती. मी नको म्हणाले, तर उंबऱ्यावर ठेवून गेली.

भागव्वा, रेणुकाची आई आणि नरसम्मा यांची मशिनं राहिली. वर्षभरात एकेक करून ती त्यांच्या मालकीची झाली. दुकानात त्यानंतर मशीन घेणाऱ्या बायकांना शिकवायला कुणी येत नसे. काहींनी आपापसात शिकून घेतलं. काही मशिनांवर पांघरूण पडून राहिलं आणि दुकानानं ती परत नेली. पाटीवरची 'शिकवणी फुकट' ही ओळ मात्र शेठनी पांढऱ्या रंगानं पुसून टाकली. एवढाच काय तो आमचा विजय.

मला पुढं मुलींच्या शाळेत शिवणाची जागा मिळाली आणि निवृत्त होईपर्यंत मी तिथंच राहिले. गंगव्वा त्या मंगळवार बाजारातल्या कापडवाल्याच्या दुकानात शिवायला बसली. त्याचं मशीन, तिचे हात, नगावर मजुरी. मी वर्षातून दोनतीनदा तिच्याकडे कापड टाकायला जात असे. तक्रार तिनं कधी केली नाही. एकदाच, संगप्पा गेल्यानंतरच्या वर्षी, शिवता शिवता मान वर न करता म्हणाली, "अक्का, तवा तुमचं ऐकाया पायजे हुतं का हो?"

"नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. पण तिच्या समोर, दुसऱ्याच्या मशीनवर वाकलेल्या तिच्या पाठीकडे बघत ते म्हणणं मला जड गेलं. तिचं बरोबर होतं, आणि त्याची किंमत तिनं एकटीनं भरली. बाकी तिघींचं भलं झालं, त्यांतल्या एकीनंही पुढं तिला महिन्याला दोन दिवस आपलं मशीन वापरायला दिलं नाही. तेही मी त्यांना सुचवून पाहिलं होतं. घरात अडचण होते, असं त्या म्हणाल्या. असेलही.

शाळेतल्या मुली मोठ्या झाल्या, संसाराला लागल्या, हप्त्यानं वस्तू घ्यायला लागल्या. कुणी सल्ला विचारला तर मी एवढंच सांगत असे. महिन्याला किती, हे दुकानदार आपणहून सांगतो. अखेरपर्यंत सगळे मिळून किती, हे आपण विचारायचं, आणि तो आकडा त्याच्याकडून मराठीत लिहून घ्यायचा. लिहून द्यायला तो कां-कूं करायला लागला तर उठून घरी यावं. वस्तू नसल्यानं कुणाचं फारसं अडत नाही. अर्धी आपली झालेली वस्तू परत जाते, तेव्हा मात्र माणूस बराच काळ सावरत नाही.